डिस्क ब्रेक ओरडतोय? आधी तो कधी ओरडतो ते ऐका

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, डिस्क ब्रेकचा आवाज. डिस्क म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली धातूची चकती, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्हीकडून धरतात ते पॅड. ऑक्टोबर आला की हे होतंच. चार महिने चिखलातून, टेकडीवरून, लाल मातीतून सायकल दामटलेली असते आणि मग रस्ते कोरडे झाले की कळतं, ब्रेक दाबला की अख्खी गल्ली वळून बघतेय. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. पुण्याचं मोठं पत्र आधी घेते कारण त्याच्या उत्तरात बाकीच्या बऱ्याच जणांचं उत्तर येऊन जातं.

माझी हायड्रॉलिक (तारेऐवजी ऑइलवर चालणाऱ्या) डिस्कची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहे, पुढे १८० मिलिमीटरची डिस्क, मागे १६० ची. जुलैत वेताळ टेकडीवर फिरून सायकल चिखलाने भरली म्हणून मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरला दिली, त्यांनी एकदम चकाचक करून दिली. दुसऱ्या दिवसापासून मागचा ब्रेक दाबला की किंचाळतो, कान किटले, आणि ब्रेक पण पहिल्यासारखा लागत नाही. दुकानात पॅड बदलून घेतले, दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत तेच. आता दुकानदार म्हणतो कॅलिपर बदला. बदलू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

दादा, कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, बदलू नका, निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. एक म्हणजे आवाज वॉशिंगच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला, आणि दुसरं म्हणजे आवाज वाढला तशी ब्रेकची पकड कमी झाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शंभरातल्या नव्वद वेळा तेल असतं. वॉशिंग सेंटरला गाडी धुतल्यावर शेवटी चमक यावी म्हणून डिझेलचा किंवा पॉलिशचा फवारा मारतात, मोटरसायकलच्या इंजिनवर ते खपून जातं, पण सायकलची डिस्क उघडी असते आणि ते सगळं तिच्यावर बसतं.

आवाज का येतो ते थोडं सांगते कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. शाळेत फळ्यावर खडू चालवताना मधेच कर्रर्र करून अंगावर काटा आणणारा आवाज यायचा ना, तिथे खडू सरळ घसरत नसतो, तो चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, असं एका सेकंदात शेकडो वेळा, आणि त्यामुळे खडू थरथरतो. बाई खडू मोडून अर्धा करायच्या आणि आवाज बंद व्हायचा, कारण अर्ध्या खडूची थरथर वेगळी. ब्रेकमध्ये हेच होतं. पॅड डिस्कला सारखा धरायला हवा, पण मधे तेलाचा पातळ थर आला किंवा पॅड वरून काचेसारखा गुळगुळीत झाला की तो धर-सोड धर-सोड करतो, आणि डिस्क, आरे, फ्रेम सगळं मिळून वाजायला लागतं. म्हणून बोल्ट ढिला असला तरी आवाज येतो, कारण ढिल्या गोष्टीला थरथरायला जागा मिळते.

आता नवे पॅड दोनच दिवस का टिकले? पॅड बदलले पण डिस्क कुणी साफ केली नाही. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, डिस्कवर राहिलेलं तेल नव्या पॅडने दोन दिवसात पिऊन टाकलं. ही चूक इतकी कॉमन आहे की मला दर सीझनला कुणाचे तरी पैसे असे गेलेले दिसतात आणि खरंच वाईट वाटतं. क्रम महत्त्वाचा आहे, आधी डिस्क, मग पॅड.

तर असं करा. मागचं चाक काढा, पॅड काढून बाजूला ठेवा. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, केमिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. घरात पडलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते डिस्कवर थर धरून राहतं. रॉकेल तर नाहीच नाही, आपल्याकडे सायकल दुकानात सगळं रॉकेलने धुवायची सवय आहे, चेनसाठी ठीक आहे पण ते स्वतःच तेलकट आहे. अल्कोहोल मिळालंच नाही तर भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी, मग साध्या पाण्याने धुवून स्वच्छ कोरडं करायचं, याने पण बऱ्यापैकी काम होतं. नंतर भांडी घासायची हिरवी घासणी, पण नवी कोरी, वापरलेली नको, ती घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने गोल गोल घासा म्हणजे जुन्या तेलकट पॅडचा बसलेला थर निघेल. परत अल्कोहोल, दर वेळी कपड्याची नवी बाजू, कपडा काळा यायचा थांबेपर्यंत. पुसून झाल्यावर डिस्कला बोट लावायचं नाही. आपल्या बोटालाही तेल असतं, आणि सकाळी डोक्याला खोबरेल लावलेला हात असेल तर केलेलं सगळं वाया. कॅलिपरच्या आतली जागा पण त्याच अल्कोहोलने कापूस काडीला लावून पुसून घ्या.

पॅडचं म्हणाल तर तेल प्यायलेला पॅड परत चांगला होतो यावर माझा विश्वास नाही. लोक गॅसवर भाजतात, धूर निघतो, वाटतं तेल जळालं, आठवडाभर बरं चालतं आणि परत येरे माझ्या मागल्या. शिवाय जास्त तापवलं तर पॅडचं मटेरियल ज्या पत्र्याला चिकटवलेलं असतं तिथला बाँड कमजोर होऊ शकतो, आणि घाट उतरताना ते सुटलं तर काय होईल याचा विचार पण नको. ब्रेकच्या बाबतीत सातशे-आठशे रुपये वाचवायला जाऊ नका. फक्त वरून चकचकीत झालेला, तेल न लागलेला पॅड असेल तर तो वाचतो. सपाट फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, थोडा ओला करा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि पॅड त्यावर आठाच्या आकारात फिरवा, चमक गेली की बास. ती धूळ नाकात जाऊ देऊ नका, तोंडाला रुमाल बांधा.

आता सगळ्यात जास्त लोक जे करतच नाहीत ते. नवे पॅड टाकल्यावर ते डिस्कवर बसवावे लागतात. रिकामा, थोडा उताराचा रस्ता बघा, साधारण २० च्या स्पीडला जा, मागचा ब्रेक सलग आणि जोरात दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही. सोडा, परत स्पीड घ्या. असं वीसेक वेळा, मग थोड्या जास्त स्पीडवरून दहाएक वेळा. पहिले चार-पाच वेळा ब्रेक लागतच नाही असं वाटेल, घाबरू नका, सातव्या-आठव्या वेळेला पकड वाढतेय हे हाताला कळतं. यात पॅडचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड त्या थरावर सारखा धरतो. हे न करता पॅड घातले आणि थेट सिंहगडावरून खाली आलात तर पॅड चकाकणार आणि परत किंचाळणार.

एवढं सगळं नीट केलं आणि आठवड्याभरात परत तेल दिसलं तर मात्र तुमच्या दुकानदाराचं म्हणणं तपासून बघू. चाक लावलेलं असताना लिव्हर दाबून रबर बँडने रात्रभर बांधून ठेवा, कॅलिपरच्या खाली पांढरा कागद ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल किंवा कॅलिपर आतून ओला असेल तर पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचं सील गळतंय आणि मग कॅलिपरचं काम करावंच लागेल. कोरडा असेल तर कॅलिपर निर्दोष.

ब्रेक न दाबताच चाकातून शिंग-शिंग-शिंग असा बारीक आवाज येतो. यवतेश्वरचा घाट चढताना शांततेत तर तेवढंच ऐकू येतं, डोकं उठतं. सायकल गेल्या महिन्यात मित्राच्या गाडीत आडवी टाकून आणली होती. — एक वाचक, सातारा

हे पहिल्यापेक्षा एकदम वेगळं प्रकरण आहे आणि बहुतेक वेळा फुकटात सुटतं. ब्रेक न दाबता आवाज म्हणजे डिस्क कुठेतरी पॅडला टेकतेय. तेल, अल्कोहोल, पॅड बदलणं, यातलं काही करायचं नाही.

आधी चाक बघा. क्विक रिलीज, म्हणजे पाना न लावता लिव्हरने उघडणारं चाक असेल तर सायकल जमिनीवर सरळ उभी करा, उलटी करून नाही, लिव्हर उघडा, हँडल आणि सीटवर थोडा भार द्या म्हणजे ॲक्सल खाचेत पूर्ण बसेल, मग घट्ट करा. गाडीतून आणताना चाक काढलं असणार, माझा अंदाज आहे इथेच अर्धे लोक बरे होतात.

तरी आवाज राहिला तर चाक फिरवून ऐका. आवाज सलग येतो का चाकाच्या एका फेरीत एकदाच येतो? सलग असेल तर कॅलिपर एका बाजूला सरकलाय. त्याचे दोन बोल्ट अर्धा-एक आटा ढिले करा, इतकेच की कॅलिपर हाताने हलेल, ब्रेक लिव्हर जोरात दाबून धरा आणि तसाच धरून दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करा. एकच बोल्ट एकदम आवळला की कॅलिपर त्याच्याबरोबर फिरतो आणि सगळी मेहनत जाते. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना असेल तर साधारण ६ ते ८ न्यूटन मीटर. यानेही जमलं नाही तर जमिनीवर पांढरा कागद ठेवा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि डिस्क-पॅडमधल्या फटीतून बघत बघत कॅलिपर हाताने सरकवा, दोन्हीकडे उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. वेळ लागतो, पण डोळ्याने केलेलं सगळ्यात चांगलं होतं असा माझा अनुभव आहे.

फेरीत एकदाच येत असेल तर डिस्क आउट झालीये, आणि आडवी टाकून आणली म्हणता तर शक्यता आहेच, वर एखादी बॅग ठेवली तरी डिस्क वाकते. रिमचा आउट काढतात तसा हिचाही काढता येतो, फक्त इथे आरे नाहीत, हातानेच वाकवायची. कुठे टेकते तिथे मार्करने खूण करा, स्वच्छ कपडा गुंडाळलेला ॲडजस्टेबल पाना त्या जागी लावा आणि उलट बाजूला अगदी किंचित दाबा, फिरवून बघा, परत किंचित. एका दणक्यात सरळ करायला गेलात तर दुसरीकडून वाकेल. आणि फिरत्या डिस्कच्या जवळ बोट न्यायचं नाही, कधीच नाही, त्या भोकांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि चाक जोरात फिरत असेल तर बोट तुटू शकतं. मुलं आजूबाजूला असतील तर आधी त्यांना लांब बसवा.

कॅलिपर नीट, डिस्क सरळ आणि तरी एकाच बाजूला घासतंय, तर दोन पिस्टनपैकी एक अडकलाय. पॅड काढा, पिस्टनच्या कडा कापूस काडीने साफ करा, ब्रेकमध्ये जे ऑइल आहे त्याचा अगदी थेंबभर कडेला लावा, लिव्हर हळूच दाबून पिस्टन किंचित बाहेर, परत प्लास्टिकच्या टायर लिव्हरने आत, असं दोन-चार वेळा, आणि नंतर सगळं अल्कोहोलने पुसा. ऑइल कुठलं ते बघूनच घ्या हं. शिमानोमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१ नावाचं ब्रेक फ्लुइड असतं, एकाच्या जागी दुसरं गेलं तर सील फुगून अख्खा ब्रेक जातो.

मुलाला नवीन सायकल घेतली, तारेच्या डिस्क ब्रेकवाली. पहिल्या दिवसापासून मागून चीं-चीं करते आणि लिव्हर पूर्ण हँडलपर्यंत जाते. दुकानदार म्हणाला नवीन आहे, आपोआप बंद होईल. खरं आहे का? — एका मुलाची आई, नाशिक

ताई, आवाजाबद्दल अर्धं खरं आहे. नव्या पॅडला बसायला वेळ लागतो, वर सांगितलंय तसे वीसेक ब्रेक तुम्ही स्वतः किंवा घरातल्या मोठ्या कुणीतरी मारा. पण लिव्हर हँडलपर्यंत जाते हे आपोआप बरं होणार नाही, ते आजच करा, मुलाला तोपर्यंत सोसायटीच्या आवारात चालवू द्या, रस्त्यावर नको.

तारेच्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला पॅड जागेवर असतो आणि हलणारा पॅड डिस्कला वाकवून त्याच्यावर दाबतो. म्हणजे आतला पॅड डिस्कपासून लांब असेल तर डिस्क जास्त वाकते, वाजते आणि लिव्हर खोल जाते, तुमची दोन्ही लक्षणं एकाच कारणाची असू शकतात. कॅलिपरच्या आतल्या बाजूला, आऱ्यांकडून, एक चकती किंवा ॲलन कीचा स्क्रू असतो, तो थोडा थोडा फिरवून पॅड डिस्कच्या जवळ आणा, एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट ठेवा. मग तारेचा ताण. नवी तार पहिल्या महिन्यात सैल पडतेच, लिव्हरजवळचा गोल नट बाहेरच्या दिशेला फिरवला की ताण येतो. फक्त सगळा ताण तारेनेच काढायला जाऊ नका, पॅड झिजत गेला की आतला स्क्रू पण फिरवावा लागतो, आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. मुलालाही दाखवा, दहा-अकरा वर्षांचं मूल हे आरामात शिकतं.

पन्हाळ्याला पावसात जातो तेव्हा ब्रेक भोंग्यासारखा वाजतो, वाळला की गप्प. पॅड बदलायचे तर रेझिन का मेटल? — कोल्हापूरचा ग्रुप

ओल्या डिस्कचा आवाज हा बिघाड नाही. पाण्याचा थर मधे आला की तीच धर-सोड सुरू होते आणि डिस्क तापून पाणी उडालं की थांबते. उतार सुरू व्हायच्या आधी दोन-तीनदा हलका ब्रेक मारून डिस्क कोरडी करून घ्या, वळणावर पहिल्यांदा ब्रेक दाबून बघू नका.

रेझिन पॅड शांत असतो, लगेच पकडतो, पण चिखलात खडूसारखा झिजतो आणि लांब उतारावर तापला की पकड सोडायला लागतो. मेटलवाला पाण्यात-चिखलात जास्त टिकतो, उष्णता सहन करतो, आणि आवाज जास्त करतो, ओल्यात तर नक्कीच. तुम्ही सगळे पावसात घाट करणारे आहात तर माझं मत सरळ आहे, जून ते सप्टेंबर मेटल घाला आणि आवाज सहन करा, लाल चिखलात एका ट्रिपमध्ये रेझिन पॅड संपलेला मी बघितलाय. पण घ्यायच्या आधी डिस्कवर काय कोरलंय ते वाचा. बऱ्याच स्वस्त डिस्कवर इंग्रजीत फक्त रेझिन पॅड वापरा असं लिहिलेलं असतं, त्यांचं स्टील मऊ असतं आणि मेटल पॅड त्यांना खाऊन टाकतो.

अजून एक, घाट उतरून आल्यावर डिस्कवर पाण्याची बाटली ओतू नका, तापलेली डिस्क एकदम गार झाली की वाकू शकते. हात पण लावू नका, चांगला फोड येतो.

किंचाळणं नाही, खरखर आहे, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी. — एक वाचक, चिपळूण

सायकल चालवू नका. पॅड संपलाय आणि मागचा पत्रा डिस्कवर घासतोय. पॅड काढून बघा, शिमानोच्या हिशोबाने मटेरियल अर्धा मिलिमीटर राहिलं की बदलायचं. डिस्कची जाडी पण मोजून घ्या, शिमानोची नवी १.८ मिलिमीटर असते आणि १.५ च्या खाली गेली की ती टाकायची. पॅड जाड निघाले तर दोन पॅडमधली स्प्रिंग बघा, ती उलटी किंवा वाकडी बसली तरी अगदी अशीच खरखर येते.

उतारावर हळू ब्रेक धरला की किंचाळत नाही पण पुढून घूं-घूं करत हँडलच थरथरतं. — एक वाचक, भोर

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि उभ्या उभ्या सायकल पुढे-मागे हलवा. फोर्कच्या वरच्या बेअरिंगपाशी टक-टक जाणवली तर हेडसेट ढिला आहे, डिस्कपाशी जाणवली तर डिस्कचे बोल्ट किंवा कॅलिपरचे बोल्ट. चाक धरून आडवं हलवून बघा, खेळ असेल तर हबचं बेअरिंग. सहा बोल्टची डिस्क असेल तर बोल्ट चांदणीच्या आकारात, समोरासमोरचे असे आवळा, त्याला टी-२५ ची टॉर्क्स की लागते, ॲलन की घुसवून डोकी खराब करू नका. सेंटर लॉक, म्हणजे बोल्टऐवजी मधल्या एकाच रिंगने आवळलेली डिस्क असेल तर त्याच्या रिंगला ४० न्यूटन मीटर लागतं, ते हाताच्या अंदाजाने होत नाही, दुकानातच करून घ्या.

बसने न्यायला पुढचं चाक काढलं होतं, प्रवासात कुणीतरी ब्रेक दाबला, आता पॅड एकमेकांना चिकटलेत आणि डिस्क आत जातच नाही. — एक वाचक, दापोली

हायड्रॉलिक असेल तर असं होतंच, मधे डिस्क नसली की पिस्टन बाहेर येऊन बसतात. लिव्हर परत दाबू नका, अजून दाबलं तर पिस्टन निसटून ऑइल बाहेर येईल. प्लास्टिकचा टायर लिव्हर दोन पॅडच्या मधे घालून हळूहळू फाकवा, स्क्रू ड्रायव्हर नको, पॅडला चरे पडतात. फट झाली की जुने पॅड बाहेर काढून पिस्टन सरळ आत ढकला, पॅड परत बसवा, चाक लावा आणि मग लिव्हर पाच-सहा वेळा दाबा म्हणजे पिस्टन आपापल्या जागी येतील. पुढच्या वेळी चाक काढल्या काढल्या पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा घडी करून घालून ठेवा.